ओळखीच्या खेळांची धास्ती

महाविद्यालयांच्या शिबिरांचे दिवस जवळ आले की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘मुलगा कामाला मागे हटणारा नाही, पण पहिल्या दिवशी ओळखीचे खेळ असतात म्हणून शिबिरालाच जाणार नाही असे म्हणतो. त्याला आग्रहाने पाठवावे की राहू द्यावे?’ राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरासाठी नाव दिलेल्या एका विद्यार्थ्याची हकिगत या प्रश्नाचे उत्तर म्हणून येथे देत आहे. त्याची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलाला त्याची आई घेऊन आली होती. ‘सर, घरात हा दिवसभर बोलतो आणि चार माणसांत नेले की तोंडाला कुलूप लावतो,’ अशी तिची तक्रार होती. मुलगा मात्र मुद्द्याचे बोलला. आदल्या वर्षीच्या स्वागत कार्यक्रमात सर्वांना गोलात उभे करून, आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारे एक विशेषण नावाआधी लावून ओळख सांगायला लावली होती. त्याचे नाव ‘ग’वरून सुरू होते. त्याची पाळी आली तेव्हा त्याला शब्द सुचेना, तेवढ्यात मागून कोणीतरी ‘गप्प’ असे ओरडले, खेळ घेणारे शिक्षकही हसले आणि ते विशेषण वर्षभर त्याला चिकटले.

अशा वेळी मी आधी एवढेच पडताळून पाहतो की ही भीती एका प्रसंगापुरती आहे की सगळीकडे पसरलेली आहे. लोकांसमोर जाण्याची भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली आणि तिच्यामुळे वर्ग, तोंडी परीक्षा, दुकानातली खरेदी, फोनवरचे बोलणे असे रोजचे व्यवहार टळू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवे. त्यासाठी १४४१६ हा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा फोन क्रमांकही आहे. हा मुलगा सकाळी डेअरीवर दूध घालताना फॅटवरून हुज्जत घालत होता आणि गावच्या संघातून कबड्डी खेळत होता. तो बुजरा होता, आजारी नव्हता. त्याची तक्रार त्या खेळाबद्दल होती आणि माझ्या मते ती रास्त होती.

मी त्याला विचारले, ‘तुझ्या अगदी आधी बोललेल्या मुलीने कोणते विशेषण घेतले होते?’ त्याला ते सांगता आले नाही. त्याच्यानंतरच्या दोघांची विशेषणे मात्र त्याला पाठ होती. माल्कम ब्रेनर या संशोधकाने १९७३ मध्ये नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली आहे : गोलात पाळीपाळीने बोलायचे असले की आपल्या लगेच आधी काय बोलले गेले ते माणसाच्या फारसे लक्षात राहत नाही, कारण त्याचे चित्त स्वतःच्या पाळीकडे लागलेले असते. म्हणजे पन्नास जणांच्या गोलात प्रत्येकी अर्धा मिनिट धरले तरी पंचवीस मिनिटे खर्च होतात आणि बहुतेकांच्या पदरात धास्तीच पडते, नावे पडत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातील एक प्रयोगही प्रसिद्ध आहे. २००० साली प्रकाशित झालेल्या त्या प्रयोगात लाजिरवाणा वाटणारा टी-शर्ट घातलेल्या विद्यार्थ्यांना खोलीतील सुमारे निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असे वाटले, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो लक्षात आला होता. हा प्रयोग मी त्याला ऐकवला नाही, कारण त्याच्या बाबतीत लोक खरोखरच हसले होते आणि ‘कोणी लक्ष देत नाही’ असे सांगणे म्हणजे त्याला खोटे ठरवणे झाले असते.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. स्वतःबद्दलचे एकच वाक्य, नाव आणि आपल्याला येणारे एक काम, त्याने मोठ्याने म्हणून तयार ठेवायचे. आणि पहिल्या दिवशी लवकर जाऊन नोंदणीच्या टेबलावर नावाचे बिल्ले वाटायचे काम मागून घ्यायचे. बिल्ला देताना पन्नास माणसे एकेक करून समोर येतात, हातात काम असते आणि नाव विचारण्याला कारणही असते.

त्याच्या संमतीने मी कार्यक्रम अधिकाऱ्यांशीही बोललो. आरंभी ‘शिवाजी म्हणतो’सारखे, सगळ्यांनी एकाच वेळी हलायचे खेळ घ्यावेत, किंवा न बोलता जन्मतारखेच्या क्रमाने रांग लावायला सांगावी, मग जोड्या करून जोडीदाराची ओळख दुसऱ्या जोडीला करून द्यायला सांगावे, आणि एकट्याने सर्वांसमोर बोलण्याची वेळ, आणायचीच असेल तर, तिसऱ्या दिवसानंतर आणावी, असे मी सुचवले. आडनाव आणि वडिलांचा व्यवसाय हे प्रश्न ओळखीतून वगळावेत असा आग्रह मात्र धरला, कारण आडनावावरून जात आणि व्यवसायावरून ऐपत जोखायची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’ हा माझा आवडता खेळ, पण पुकारलेल्या आकड्याचे गट करताना पहिल्या दिवशी ज्यांचे कोणी मित्र नसतात तेच बाहेर उरतात, म्हणून तो पुढे ढकलायला सांगितला. बाद झालेल्याने गाणे म्हणायचे किंवा नाचायचे ही शिक्षाही काढून टाकावी, असे मी म्हटले होते. ते अधिकाऱ्यांना पटले नाही. शेकोटीची सगळी गंमत त्यातच असते, असे त्यांचे म्हणणे होते.

शिबिरानंतर मुलगा भेटायला आला. बिल्ल्यांमुळे पहिल्याच संध्याकाळी त्याला निम्म्याहून अधिक नावे येत होती. जोडीच्या खेळात त्याला नर्सरीत काम करणारा जोडीदार मिळाला आणि पुढे वृक्षारोपणाचे खड्डे त्या दोघांनी मिळून खणले. शेकोटीच्या रात्री बाद झाल्यावर मात्र त्याने नाचायला सरळ नकार दिला आणि ‘मी गुण लिहितो’ असे सांगून वही हातात घेतली. कोणीतरी पुन्हा ‘गप्प’ म्हणून ओरडलेच, पण त्याच्या जोडीदाराने ओरडणाऱ्यालाच गप्प बसवले. आईने विचारले, ‘पुढच्या वर्षी नाचेल ना?’ नाचण्याची गरज नाही, तो पुढच्या वर्षीही जाईल, असे मी त्यांना सांगितले.