नुसता नल आला, तर तो खरा की चुकीचा?

प्रश्न : मी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो. एका सेवेकडून येणाऱ्या उत्तराला ना महिरपी कंस असतो ना चौकटी. कधी नुसतं ४२ येतं, कधी ट्रू (खरं), कधी नल (म्हणजे 'मूल्यच नाही'). आमचे ज्येष्ठ म्हणतात, हे जेसनच (प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती पाठवायची मजकूर-पद्धत) नव्हे. पीएचपीचं जेसन डिकोड हे फंक्शन तर ते वाचतं. पण हाती नल आला, की मुळातच नल होता की मजकूर बिघडला होता, हे ओळखायचं कसं?

उत्तर : तुमचे ज्येष्ठ जे शिकले ते त्या काळी बरोबरच होतं. २००६ च्या आरएफसी ४६२७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) सगळ्यात बाहेर महिरपी कंसातला ऑब्जेक्ट किंवा चौकटी कंसातला ॲरेच असावा, अशी अट होती. २०१४ च्या आरएफसी ७१५९ ने ती काढली. आज लागू असलेल्या २०१७ च्या आरएफसी ८२५९ मध्येही ती नाही. तेव्हा नुसतं ४२ हा पूर्ण, वैध जेसन मजकूर आहे. शब्द पाठवायचा असेल, तर मात्र दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच.

तुमची नलची शंका अगदी रास्त आहे. जेसन डिकोड दोन्ही वेळा नलच देतं. मी एकदा शिल्लक नगांचा नुसता आकडा पाठवणाऱ्या सेवेसाठी कोड लिहिला होता : हाती काही आलं नाही, तर पुन्हा विचार. सगळं सुरळीत चाललं होतं. मग साठा संपला आणि शून्य आलं. पीएचपीच्या लेखी शून्य, फॉल्स, नल, रिकामी स्ट्रिंग (मजकूर), सगळं 'नाही'च. प्रोग्राम तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिला आणि पडद्यावर जुनाच आकडा दिसत राहिला. चूक शोधण्यात अख्खी रात्र गेली. म्हणून कळकळीनं सांगते, मूल्यावरून चूक ओळखू नका.

पीएचपी ७.३ पासून 'जेसन थ्रो ऑन एरर' हा फ्लॅग (वागणूक बदलणारा पर्याय) आहे. तो जेसन डिकोडला चौथा आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायचं मूल्य) म्हणून द्यायचा. तिसऱ्या जागी, म्हणजे कंसात कंस किती खोल चालतील त्या मर्यादेला, नेहमीचे ५१२ ठेवा. मजकूर बिघडलेला असेल तर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) येईल. नल हाती आला, तर तो पाठवणाऱ्यानंच पाठवलेला. त्याहून जुन्या आवृत्तीत डिकोडनंतर लगेच 'जेसन लास्ट एरर' तपासा. मग प्रकार तपासा : पूर्णांक हवा होता, तर पूर्णांकच आला का?

पलीकडे एखादा जुना पार्सर (जेसन वाचणारा प्रोग्राम) नुसतं मूल्य नाकारत असेल, तर मजकूर चौकटी कंसात घालून वाचा आणि पहिला घटक घ्या. पण ॲरेत एकच घटक आहे ना, हे आधी मोजा; नाहीतर '४, २' असा तुटका मजकूरही बिनबोभाट आत शिरेल.