वाचायला शिकण्याआधी मुलांचं बोलणं वाढावं म्हणून घरी काय करावं?

मुलगी साडेचार वर्षांची आहे, मुळाक्षरं ओळखते, पण गोष्टीबद्दल विचारलं की एका शब्दात उत्तर देते. आता बाराखडी सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते बाराखडी सध्या राहू द्या. अक्षरं जोडून उच्चारलेला शब्द आधी कानावरून गेलेला असेल तरच मुलाला त्याचा अर्थ लागतो.

रोज दहा मिनिटं एक चित्रपुस्तक घ्या आणि चार-पाच दिवस तेच ठेवा. पहिल्या दिवशी तुम्ही सांगा, नंतर तिला सांगू द्या. 'हा कोण?' या प्रश्नाला एकाच शब्दाचं उत्तर असतं, मग ती तेवढंच देणार. त्याऐवजी 'हा असा का पळतोय?' असं विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेकदा गाडी इथेच अडते: दोन सेकंदांत आपणच उत्तर देऊन टाकतो. ती 'कुत्रा पळाला' म्हणाली, तर 'हो, कुत्रा मांजरीला घाबरून पळाला' असं तिचंच वाक्य थोडं वाढवून परत द्या. 'मोठा गाडी' म्हणाली तर टोकू नका; 'हो, केवढी मोठी गाडी!' एवढं पुरे. सारखं टोकलं की मुलं गप्प बसतात.

स्वयंपाकघरात 'हे कर, ते कर' सोडून नेमकी क्रियापदं वापरा: मटार सोल, मेथी निवड, पीठ चाळ, गाजर किसतेय, दाणे कुटतेय. हात काम करत असताना ऐकलेला शब्द पक्का बसतो. रात्री 'आधी काय केलं, मग काय?' असं विचारून तोच क्रम तिच्याकडून वदवून घ्या.

आवाज ओळखायला टाळ्यांचा खेळ घ्या. आ-जी दोन टाळ्या, ब-टा-टा तीन. 'कमळ'ला ती दोनच टाळ्या वाजवेल (क-मळ), 'बाळ'ला एकच. ते बरोबर आहे! आपल्या डोळ्यांसमोर लिहिलेली अक्षरं असतात म्हणून आपण तीन आणि दोन मागतो, आणि नीट ऐकणाऱ्या मुलीचा गोंधळ उडवतो. हे जमलं की 'ब'ने सुरू होणाऱ्या वस्तू घरभर शोधा, पाटी-पेन्सिल न घेता.

शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरी मराठीतच भरभरून बोला. शब्दसंपत्ती आणि गोष्ट सांगण्याची सवय दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते.

मात्र या वयात तिचं बोलणं घराबाहेरच्यांना कळत नसेल, 'चप्पल काढ आणि डबा ओट्यावर ठेव' अशी दुहेरी सूचना समजत नसेल, किंवा कान वारंवार फुटत असेल, तर आधी श्रवणचाचणी करून घ्या. 'काही मुलं उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका.