'नाही' म्हणायचंय ना, मग आधी सोबत शोध

तुझा मेसेज वाचला. क्यूब टेस्ट, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून मजबुती बघायची चाचणी, झालेलीच नाही तरी रजिस्टरमध्ये २८ दिवसांचे आकडे भरून टाक असं साईटवरचे तुझे सर म्हणतायत, आणि तू लिहिलंयस की माझ्यातच दम नाही म्हणून मी गप्प बसतो. हे मला अजिबात पटलेलं नाही. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तरी बहुतेक गप्पच बसला असता, कारण तू एकटा आहेस, नवीन आहेस आणि सर समोर उभे राहून सांगतायत.

मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६१-६२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात प्रयोग केले होते. साध्या नोकरदार, कामगार माणसांना बोलावलं, पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की बटण दाबून शॉक द्यायचा, दर वेळी १५ व्होल्ट वाढवत ४५० पर्यंत. शॉक खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. घाम फुटला, हात थरथरले, तरी प्रयोग घेणारा कोटवाला साहेब 'चालू ठेवा' म्हणत राहिला आणि ४० पैकी २६ जण शेवटपर्यंत गेले. लोकांना फसवून केलेला प्रयोग म्हणून टीका खूप झाली, ती रास्तच आहे. पण लोक एवढंच वाचतात आणि माणूस असाच असतो म्हणून सोडून देतात, पुढचं कोणी सांगतच नाही याचा मला खरंच राग येतो.

पुढे काय केलं, तर त्याच कामाला तिघांना बसवलं, त्यातले दोघे प्रयोगवाल्यांनीच आधी ठरवून बसवलेले. एकजण १५० व्होल्टला म्हणाला मी नाही करणार आणि उठून बाजूला बसला, दुसरा २१० ला उठला. आता तिसरा, खरा माणूस, एकटा उरला, आणि साहेब त्याला सांगतोय की तू पुढे चालू ठेव. या वेळी ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. माणसं तशीच साधी, पगारदार, फक्त कोणीतरी आधी नाही म्हणालेलं डोळ्यांनी बघितलं होतं.

साहेब खोलीतून गेला आणि फोनवरून हुकूम द्यायला लागला तेव्हाही ऐकणारे खूप कमी झाले, काहींनी तर फोनवर हो हो म्हणत सगळ्यात कमी शॉकचंच बटण दाबलं. समोरच्याचा हात स्वतः धरून शॉक द्यायला लावला तेव्हा ३० टक्केच शेवटपर्यंत गेले. आणि दोन साहेब एकमेकांच्या विरुद्ध बोलायला लागले तेव्हा एकही गेला नाही.

म्हणून सरांच्या केबिनमध्ये एकट्याने जाऊन भांडू नकोस. क्यूसीच्या, म्हणजे क्वालिटी तपासणाऱ्या, त्या पोरालाही हे खटकतंय म्हणालास ना, चहाला गाठ आणि स्पष्ट बोल, दोघांनी मिळून नाही म्हणा. तोंडी सांगितलं की तिथल्या तिथे उत्तर देऊ नकोस, साईटवर जाऊन मेल टाक, 'क्यूब तपासलेले नाहीत, आकडे कुठून घ्यायचे ते लेखी कळवा'. क्लायंटचा कन्सल्टंट आहेच, त्याच्याकडे विषय गेला की सरांचा शब्द हा एकमेव शब्द राहत नाही. आणि त्या बिल्डिंगमध्ये बुकिंग केलेली माणसं रविवारी साईट बघायला येतात, लहान पोरांना घेऊन येतात, त्यांच्याशी दोन मिनिटं बोल, मग कोरं रजिस्टर समोर आलं की नुसते आकडे दिसणार नाहीत तुला.

जे काय करायचं ते पहिल्याच नोंदीला कर. त्या प्रयोगात जे थांबले त्यातले बरेच १५० लाच थांबले, पलीकडचा माणूस पहिल्यांदा मला सोडा म्हणाला तेव्हा, कारण एकदा पुढे गेलं की आधीचं केलेलंही बरोबर ठरवत बसावं लागतं. तू अजून एकही आकडा भरलेला नाहीस ही मोठी गोष्ट आहे.

बाईकचा हप्ता आत्ता घेऊ नकोस, दोन-तीन महिन्यांचा पगार बाजूला पडू दे, नोकरी गेली तर काय याची भीती त्याने बरीच कमी होते.

शुक्रवारी स्लॅब आहे म्हणालास, त्याच्या आधी क्यूसीवाल्याशी बोल आणि मला फोन कर, उशीर झाला तरी चालेल, मेल आपण दोघं मिळून लिहू.