वाचकांचे प्रश्न : बाटल्या भरून नेतात, पुढे काय?

प्रश्न : ताई, आमची कालवांची छोटी हॅचरी आहे, म्हणजे टाक्यांत कालवांची पिल्लं तयार करतो. अधूनमधून अख्खी बॅच दोन-तीन दिवसात मरते. टाक्या घासल्या, पाणी गाळलं, यूव्ही लावलं, तरी तेच. मुलगी म्हणते विद्यापीठात विचारा. पण ती मंडळी येतात, पाण्याच्या बाटल्या भरतात, जातात, मग कुठेतरी पेपर छापून येतो. आमच्या टाकीला त्याचा काय उपयोग?

उत्तर : मुलीचं ऐका. तुमच्यासारखंच अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर व्हिस्की क्रीक नावाच्या हॅचरीत झालं होतं, २००७-०८ च्या सुमाराला. पश्चिम किनाऱ्यावरचे कितीतरी कालववाले तिथूनच बीज (म्हणजे पिल्लं) न्यायचे आणि तिथेच पिल्लं धडाधड मरायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं बॅक्टेरिया, त्यातही व्हिब्रिओ नावाच्या बॅक्टेरियाचा संशय होता, त्याच्यासाठी महागडी यंत्रणा बसवली, आणि पिल्लं मरतच राहिली. मग हॅचरीची माणसं आणि ओरेगॉन स्टेट विद्यापीठातले बर्क हेल्स वगैरे संशोधक एकत्र बसून पाण्याची केमिस्ट्री सतत मोजायला लागले तेव्हा भानगड कळली. उत्तरेचा वारा सुटला की किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येतं, त्यात कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो, आणि अशा पाण्यात पिल्लाला शिंपला बांधायला फार ताकद लागते. आता गंमत अशी की कालवाचं पिल्लू पहिल्या दोन दिवसात स्वतःच्या वजनाच्या जवळपास ९० टक्के इतकं कॅल्शियम कार्बोनेट जमवतं, तेही अंड्यातल्या शिदोरीवर, कारण तोवर त्याला नीट खाताही येत नाही. शिदोरी संपली आणि शिंपला अर्धवट राहिला की खेळ खलास. म्हणजे रोग नव्हताच, भूक होती.

उपाय ऐकून हसाल. धुण्याचा सोडा असतो ना, सोडियम कार्बोनेट, तो मोजून पाण्यात सोडायचा. आणि टाक्या सकाळी भरायच्या ऐवजी दुपारनंतर भरायच्या, कारण दिवसभर ऊन मिळालं की पाण्यातल्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि पाणी जरा निवळतं. पण कधी किती सोडा घालायचा ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि तिथेच विद्यापीठ लागतं. नुसत्या पीएच मीटरवर भरवसा ठेवू नका, शिंपल्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते पाण्यात कार्बोनेट पुरेसं आहे का, आणि दोन्ही आकडे नेहमी बरोबर चालतीलच असं नाही.

तुमच्याकडे हेच कारण असेल असं मी म्हणत नाही हं. बॅक्टेरिया खरोखरही असू शकतो. पण आजपासून एक वही करा, टाकी कोणत्या दिवशी किती वाजता भरली, वारा कुठून होता, भरती होती की ओहोटी, पाण्याचं तापमान, क्षारता, आणि बॅच जगली की गेली. चार-सहा महिन्यांची अशी वही घेऊन गेलात तर समोरचा प्राध्यापक खुर्ची पुढे ओढून बसेल. नुसतं "पिल्लं मरतात हो सर" म्हणालात तर तोही बिचारा काय सांगणार.

प्रश्न : कोळंबीचं बीज सोडल्यावर महिन्याच्या आत तळं रिकामं होतं. दुकानदार दर वेळी नवीन औषध देतो. सॅम्पल लॅबला पाठवलं तर म्हणाले काही कळत नाही.

उत्तर : सॅम्पल कसलं पाठवलंत ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज, मेलेली कोळंबी बर्फात घालून. मेलेली नको! कोळंबीचं पोट तासाभरातच सडायला लागतं आणि मग मूळ रोग कोणता आणि नंतरची सड कोणती ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखूच येत नाही. मरायला टेकलेली पण जिवंत कोळंबी हवी, एक भाग डेव्हिडसन द्रावणात (नमुना सडू न देणारं औषध, लॅबच देते, कसं टोचायचं तेही तेच दाखवतात) आणि एक भाग पीसीआरसाठी (जंतूचे जीन्स शोधायची तपासणी) अल्कोहोलमध्ये.

महिन्याच्या आत मरणं म्हटलं की ईएमएस आठवतो, म्हणजे अर्ली मॉर्टॅलिटी सिंड्रोम, कोळंबी लहानपणीच मारणारा रोग. २००९ ला चीनमध्ये दिसला, मग व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड, तळीच्या तळी गेली आणि कारण कोणालाच सापडेना, कोणी व्हायरस म्हणे कोणी कीटकनाशक. २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात (वाळवंटातलं विद्यापीठ बरं का, समुद्र कुठल्या कुठे) डोनाल्ड लाइटनर यांच्या टीमने आणि तिथे पीएचडी करणाऱ्या लॉक ट्रान या व्हिएतनामी संशोधकाने दाखवलं की हा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस नावाचा बॅक्टेरिया आहे. पुढे कळलं की या बॅक्टेरियाच्या सगळ्याच जाती कोळंबीला मारत नाहीत, ज्यांच्याकडे प्लास्मिड नावाचा एक छोटा जादा डीएनए असतो, त्यावर विषाची दोन जीन्स, त्याच मारतात. म्हणून "व्हिब्रिओ सापडला" एवढा रिपोर्ट पुरत नाही, विषाच्या जीन्सची पीसीआर झाली का ते विचारा, आणि बीज घ्यायच्या आधीच विचारा, तळ्यात सोडल्यावर नव्हे.

दुकानदाराची औषधं थांबवा. डोळे मिटून अँटिबायोटिक टाकलं की रेझिस्टन्स वाढतो, आणि तळं ब्लीचिंगने एकदम कोरं केलं की मोकळ्या जागेत सगळ्यात आधी जे वाढतात त्यात व्हिब्रिओच पुढे असतात. पाणी जरा मुरू द्यावं, मग बीज.

प्रश्न : इतकी वर्षं संशोधन करून हाती काय लागतं? आम्हाला या सीझनचा प्रश्न असतो.

उत्तर : खरंय. जपानमध्ये किंदाई विद्यापीठाने ब्लूफिन ट्यूना पाळायचं काम १९७० ला घेतलं आणि अंड्यापासून मासा, त्या माशाची अंडी, असं पूर्ण चक्र बंद झालं २००२ ला. ३२ वर्षं. या सीझनच्या प्रश्नाला ते उत्तर नाही, त्यासाठी वर लिहिलेली वही आणि पीसीआर.

प्रश्न : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकतो. शिकलेले लोक आमचं ऐकून घेत नाहीत.

उत्तर : काही ठिकाणी ऐकतात. कोळंबीच्या जाळ्यातून कासवं बाहेर पडावीत म्हणून जी लोखंडी जाळी बसवतात ना, ती मुळात अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या सिंकी बून नावाच्या मच्छीमाराने बनवली, आणि तीही कासवांसाठी नाही तर जाळ्यात भरणाऱ्या जेलीफिशला वैतागून. दांड्यांमधून कोळंबी मागे जाते आणि मोठं काही आलं की वरच्या झडपेतून बाहेर. जॉर्जिया विद्यापीठाच्या विस्तार सेवेतली (विद्यापीठातलं ज्ञान लोकांपर्यंत नेणारी) माणसं मच्छीमारांबरोबर बोटीवर जाऊन असल्या जाळ्या तपासायची. मग १९८७ ला सरकारने सक्तीचे नियम काढले आणि मच्छीमारच भडकले, १९८९ मध्ये टेक्सासमध्ये बोटी आडव्या लावून वाट अडवली! शोध आपल्यातल्याच माणसाचा, पण वरून हुकूम म्हणून आला की चीड येणारच.

बोटीवर जाणारी ही माणसं कुठून आली म्हणाल तर १९६६ ला तिकडे सी ग्रँट नावाचा कायदा झाला, शेतीच्या विस्तार सेवेसारखीच सोय समुद्रासाठी. त्यात धक्क्यावर फिरणारा माणूस विद्यापीठाच्या पगारावर असतो. तुमच्या जवळच्या विद्यापीठात असा कोणी आहे का ते आधी चौकशी करा. नसेल तर बाटल्या भरायला येणाऱ्या पोरांनाच चहा द्या आणि तेव्हाच ठरवून घ्या, आकडे परत कधी आणि कोणाच्या हाती मिळणार, लिहून.