दोन वर्षं बिलाच्या तारखेपासूनच मोजा

नाशिकच्या एका वाचकाची १९६५ ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. ठाण्याच्या गॅरेजने रेडिएटरला नवा कोअर (आतली जाळी) घालून इलेक्ट्रिक फॅनसह तो परत बसवला. त्याच दिवशी गाडी घरी आणताना कसारा घाटात ट्रकांच्या रांगेत इंजिन उकळलं, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं. तापमानाच्या काट्याने लाल रेघ ओलांडली तरी यांनी गाडी इगतपुरीपर्यंत रेटली. एका मेकॅनिकच्या मते फॅन उलटा फिरतोय. या सगळ्याला २२ महिने झाले. गॅरेजवाला व्हॉट्सॲपवर ‘बघतो, करून देतो’ म्हणत राहिला आणि हे थांबत राहिले. असं थांबून हातची केस घालवलेल्यांची पत्रं नेहमी येतात.

तुमचं सगळं प्रकरण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ वर उभं आहे. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. समोरच्याची आश्वासनं आणि तुमची स्मरणपत्रं यांनी ही मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘त्याने शब्द दिला होता’ हे कारण टिकेलच, असं मी सांगणार नाही. आधी नोटीस देऊन उत्तराची वाट पाहायची सक्ती कायद्यात नाही. तुमच्याकडे दोन महिने आहेत. तक्रार पंधरा दिवसांत गेली पाहिजे.

ठाण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. बिल पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही.

आता पुरावा. ‘रेडिएटर नीट बसवला नाही’ एवढ्यावर काही मिळत नाही. ‘ठाण्याहून कसाऱ्यापर्यंत गाडी व्यवस्थित गेली की!’ असं गॅरेजवाला म्हणणारच. त्याचं उत्तर वायरिंगमध्ये आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. सवयीने फॅनची काळी वायर बॉडीला दिली की मोटर उलटी फिरते, आणि रेडिएटरमागचा फॅन हवा आत ओढायच्या ऐवजी पुढे ढकलतो. हायवेवर समोरून येणारा वारा त्याला पुरून उरतो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो वाराच नसतो.

इंजिन बंद ठेवून फक्त फॅन चालू करा आणि रेडिएटरच्या पुढे वहीचा कागद धरा. कागद जाळीला चिकटायला हवा. उडून लांब गेला तर दोष तिथेच आहे. व्हिडिओत वायरींची जोडणीही दिसू द्या. मात्र २२ महिन्यांत ६ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या बसल्या असणार. नव्या लावताना प्लस बॉडीलाच राहील हे बघा. उलट्या लावल्या तर फॅन सरळ फिरेल आणि तुमचाच व्हिडिओ तुमच्या विरोधात जाईल.

गाडीची पाहणी होईपर्यंत एकही वायर हलवू नका, कूलंट काढू नका, हेड उघडू नका. पाहणीची तारीख गॅरेजला रजिस्टर्ड पोस्टाने कळवा आणि तक्रारीसोबतच तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज द्या. रेडिएटरच्या पाण्याबद्दलही प्रश्न येईल: भरताना हीटरचा कॉक उघडा होता का, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून हवा काढली का, वरचा होज गरम झाल्यावर पुन्हा पातळी पाहिली का. हे काम गॅरेजचं होतं, तसं तक्रारीत लिहा. व्हॉट्सॲपचे मेसेज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या) प्रमाणपत्रासह जोडा.

गाडी रेटल्याचं लपवू नका. त्यामुळे भरपाई कमी होऊ शकते, किती ते आयोगावर आहे. पण उलटतपासणीत ते बाहेर आलं तर वायरींबद्दलचं तुमचं खरं म्हणणंही संशयात सापडेल.

कायदा म्हणतो, तपासणी लागली तरी पाच महिन्यांत निकाल लावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, याची चीड मलाही आहे. निदान समोरच्याला लेखी उत्तरासाठी ४५ दिवसांपुढे मुदत देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. आयोगाची नोटीस त्याला मिळाल्याची तारीख पोस्टाच्या ट्रॅकिंगवरून काढून ठेवा. ४६ व्या दिवशी ती लागेल.