पाखंडी म्हणजे ढोंगी नव्हे

प्रश्न नागपूरहून आला आहे. धरमपेठेतल्या एका वाचकगटात सध्या धर्माच्या नाहीतर पक्षाच्या नावानं माणसं चिरडणाऱ्या काल्पनिक राज्यांच्या कादंबऱ्या वाचल्या जात आहेत. विचारणा अशी: ‘अधिकृत मताबाहेर विचार केला म्हणून तिथं ज्याला शिक्षा होते, त्याला मराठीत पाखंडी म्हणावं का? गटातले काहीजण म्हणतात, पाखंडी म्हणजे ढोंगी, तेव्हा नास्तिक म्हणा. आणि डिस्टोपियाला मराठी शब्द कोणता?’

शेवटचं आधी उरकतो. दुःस्वप्नराज्य म्हणा, नाहीतर सरळ डिस्टोपिया म्हणा. कुणाचं काही अडत नाही. आता मुद्द्याचं.

पाखंडीच म्हणा. नास्तिक मुळीच नको. नास्तिक देव नाकारतो, पाखंडी बहुतेकदा अतिशय श्रद्धाळू असतो. फक्त त्याची श्रद्धा दरबारी शिक्क्याची नसते. ‘पाखंडी म्हणजे ढोंगी’ हा मात्र आता उबग आणणारा प्रकार झाला आहे. हिंदी वाहिन्यांवर रोज एखाद्या ‘पाखंडी बाबा’चा भांडाफोड होतो आणि नागपूरच्या मराठीत तो अर्थ तसाच्या तसा येऊन बसतो. बाबा भोंदू आहे ना? मग भोंदू म्हणा. इतका ठसठशीत शब्द घरात असताना पाखंडाला कशाला राबवायचं?

या शब्दाची खरी मौज आहे ती इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात. अशोकाचा बारावा शिलालेख काढा. हा लेख अनेक ठिकाणी कोरला आहे. त्यातल्या गिरनारच्या पाठात देवानंपिय, म्हणजे देवांचा लाडका राजा अशोक, ‘सव पासंडानि च पवजितानि च घरस्तानि च पूजयति’. सगळे पासंड, मग ते संन्यासी असोत की गृहस्थ, राजा त्यांना मान देतो. पासंड हे पाखंडाचंच जुनं प्राकृत रूप, संस्कृतात पाषंड. अर्थ पंथ. बस्स. शिवी नाही, टोमणा नाही. त्याच लेखात राजा प्रजेला वचगुती, म्हणजे जिभेला लगाम, शिकवतो: आपल्या पासंडाची उगाच स्तुती नको, दुसऱ्याच्या पासंडाची विनाकारण निंदा नको. कंदाहारला याच मजकुराचं ग्रीक भाषांतर सापडलं आहे. तिथं पासंडासाठी ‘दियात्रिबे’ शब्द आहे, म्हणजे अभ्यासमंडळ, विचारशाखा. गंमत अशी की त्याच ग्रीक शब्दाचं इंग्रजीत पुढं ‘डायट्राइब’ झालं आणि त्याचा अर्थ झाला जहरी टीका. दोन्ही शब्द शेवटी भांडणातच सापडले.

आता मनुस्मृती उघडा, अध्याय ४, श्लोक ३०. पाषण्डी, निषिद्ध कर्मं करणारे, मांजरव्रती, शठ, हैतुक आणि बगळ्याच्या वृत्तीचे, या सगळ्यांचा ‘वाङ्मात्रेणापि नार्चयेत्’. नुसत्या शब्दानंही त्यांचा मान ठेवू नये. अशोक ‘पूजयति’ म्हणतो, मनू ‘नार्चयेत्’. लगाम दोघांनीही जिभेलाच घातला. एकानं निंदेसाठी, दुसऱ्यानं आदरासाठी. अध्याय ९, श्लोक २२५ तर त्याही पुढं जातो. जुगारी, नट, क्रूर माणसं, दारू गाळणारे यांच्या रांगेत पाषंडी उभा केला आहे आणि राजाला आज्ञा आहे: ‘क्षिप्रं निर्वासयेत् पुरात्’. ताबडतोब गावाबाहेर काढा.

माझं मत असं की पाखंडात ढोंगीपणाचा अर्थ या यादीतून झिरपला. चौथ्या अध्यायातल्या ओळीत शेजारी कोण आहेत बघा. मांजर आणि बगळा, संस्कृतातले दोन नामांकित ढोंगी! शतकानुशतकं एका श्लोकात त्यांच्याबरोबर पाठ झाल्यावर पाषंड्याच्या अंगाला त्यांचा वास लागणारच. आणि त्याच रांगेत हैतुक आहे, म्हणजे कारण विचारणारा. बगळ्याशेजारी हेतू विचारणारा उभा करायचा, एवढ्या एका मांडणीनं अर्धं काम होतं. दुःस्वप्नराज्याच्या लेखकांना ही यादी करण्याची कला पक्की ठाऊक असते. त्यांच्या कादंबऱ्यांतली फर्मानं पुन्हा वाचा: वेगळं मत बाळगणारा क्वचितच एकटा असतो. त्याच्या आगेमागे साथीचा रोग पसरवणारे, साठेबाज, हेर असे कुणीतरी असतात.

अमरकोश या संस्कृत शब्दकोशाच्या टीकाकारांची व्युत्पत्ती काही पंडित आजही डोळे मिटून देतात: ‘पा’ म्हणजे वेदधर्म, त्याचं खंडन करतो तो पाखंड. ही व्युत्पत्ती नव्हे, आरोपपत्र आहे. मूळ शब्दात ‘खंड’ असता तर अशोकाच्या प्राकृतात ‘पासंड’ आला कुठून? स्वरांमधला ख प्राकृतात ढिला पडून ह होतो, मुखाचं मुह होतं. ख चा स होत नाही. ष चा स मात्र सर्रास होतो. आणि उत्तरेकडच्या उच्चारात ष चा ख होतो, भाषेची भाखा होते तशी. म्हणजे पाषंड आधी, पाखंड नंतर, आणि ‘खंडन’ सगळ्यात शेवटी चिकटवलेलं. अशोकाच्या याच लेखाच्या शाहबाजगढीच्या (आज पाकिस्तानात) पाठात तर ‘प्रषंड’ असं रूप आहे. तिथला खोदणारा धर्माला ‘ध्रम’ आणि सर्वला ‘सव्र’ लिहितो, म्हणजे त्याचा र जागा बदलतो. तो मागं आणून ठेवा: पर्षंड. म्हणून काही अभ्यासक हा शब्द पर्षद्, परिषद् यांच्या कुळातला मानतात, आणि मला ते पूर्ण पटतं. एकत्र बसणाऱ्यांची मंडळी, एवढाच अर्थ. एरवी तर्ककर्कश असणारी माणसं ‘पा अधिक खंड’ला माना कशा डोलावतात, कळत नाही.

अशोकाला मात्र देव्हाऱ्यात बसवू नका. सगळ्या पासंडांवर धर्ममहामात्र, म्हणजे देखरेख करणारे अधिकारी, नेमणाराही तोच, आणि संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर ठेवा असं सारनाथला कोरवणाराही तोच. हे अधिकारी विदर्भापर्यंत पोचले असावेत. चंद्रपूरकडच्या देवटेकच्या शिळेवर प्राणी पकडू-मारू नयेत अशी ‘स्वामी’ची आज्ञा आहे आणि प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी तिचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला होता. मान देणारं राज्यही नोंदवही ठेवतंच.

मराठीत तुकोबांनी हा शब्द उलटा फिरवला. ‘पाखांड्यांनीं पाठीं पुरविला दुमाला’ म्हणजे पाखंडी माझ्या पाठीस लागले. ज्यांना धर्माचे रखवालदार म्हणवून घ्यायचं होतं, शिक्का त्यांच्याच कपाळी.

आता वाचकगटासाठी कामाचं. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ च्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये पक्षाचा अधिकारी ओब्रायन कादंबरीचा नायक विन्स्टन याला छळताना सांगतो की जुन्या धर्मन्यायालयांनी पाखंडी जाळले आणि हुतात्मे तयार केले, आम्ही पाखंड्याला आधी आतून बदलतो, मग मारतो. इथं ‘ढोंगी’ वाचलंत तर प्रसंगच कोसळतो. विन्स्टन दोन्ही आहे. चारचौघांत पक्षाच्या घोषणा देतो तेव्हा ढोंगी, चोरून रोजनिशी लिहितो तेव्हा पाखंडी. पक्षाला नुसतं ढोंग पुरत नाही, तिथंच त्याचा घात होतो. दोन गोष्टींना एकच शब्द वापरलात तर ही गाठ मराठीत मारताच येणार नाही.

भाषांतर करताना क्रियापदाकडे लक्ष द्या. ढोंग माणूस स्वतः ‘करतो’. पाखंडी त्याला कुणीतरी ‘ठरवतं’. म्हणून ‘तो पाखंडी होता’पेक्षा ‘त्याला पाखंडी ठरवलं’ हे वाक्य जवळजवळ नेहमीच जास्त नेमकं बसतं, कारण ठरवणारा कोण हा प्रश्न त्यात उघडा राहतो. श्रद्धा सोडून गेलेला असेल तर धर्मत्यागी. शत्रूला सामील झाला असेल तर धर्मद्रोही, आणि पक्षाचं राज्य असेल तर पक्षद्रोही. देवच नसलेल्या राज्यातही पाखंडी चालतो, बिचकू नका. पोथीच्या जागी जाहीरनामा येतो, एवढंच. आणि पाखंड की पाखांड, यावर गटात वाद घालत बसू नका. गाथेत पाखांड आहे, आज पाखंड रूढ आहे, दोन्ही बरोबर.