पॉकेट शार्क : खिशातला की खिसेवाला?

सोलापुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहिणाऱ्या बाईंचा प्रश्न : ‘पॉकेट शार्क’ला मराठीत ‘खिशातला शार्क’ म्हटलं तर चालेल का? आणि तो ‘चमकतो’ म्हणावं की ‘प्रकाशतो’?

‘खिशातला’ नको. पॉकेट डायरी, पॉकेट रेडिओ यांत पॉकेट म्हणजे आकार. हा मासाही लहानच, त्यामुळे गैरसमज हमखास होणार. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये मिळालेला नमुना जेमतेम १४ सेंटिमीटरचा होता, म्हणजे खरोखर खिशात मावेल एवढा. पण नाव त्यावरून पडलेलं नाही. छातीच्या परांजवळ दोन्ही बाजूंना एकेक फट असते आणि आत प्रकाशणारा स्राव तयार करणारी ग्रंथी. नेहरू शर्टाच्या बाजूच्या शिवणीत हात घालायला खिसा असतो ना, साधारण तसं. शर्टाच्या छातीवरचा खिसा डोळ्यांसमोर आणू नका. (फलकावर पराला ‘कल्ला’ लिहू नका. कल्ल्यांनी मासा श्वास घेतो. ही चूक फार दिसते.)

‘पिशवी’ का नको? पिशवी म्हटलं की कांगारू आठवतो, आणि मुलं पिल्लू शोधू लागतात. ‘चंची’ मोहात पाडते खरी, त्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत पिशवीला ‘संचि’च म्हणतात. पण चंची दोरी सोडून अख्खी उलगडायची असते आणि तिच्यात पान, सुपारी, चुना भरायचा असतो. इथे काही भरायचं नाही. आतलं बाहेर पडतं.

म्हणून ‘खिसेवाला शार्क’. टांगा–टांगेवाला, तसं खिसा–खिसेवाला. त्यातल्या ‘ए’मुळे ते अनेकवचन होत नाही, पण इथे खिसे दोन आहेत, तेव्हा तशीही हरकत नाही. किनाऱ्यावरचा ‘मुशी’ हा शब्द जास्त अस्सल, पण उजनीच्या चिलापी-रोहूवर वाढलेल्या मुलांना तो सांगावा लागेल. वापरलात तर लिंग सांभाळा : खिसेवाली मुशी, ती पोहते. २०१० चा नमुना नर होता. तिथे ‘मुशीचा नर’ लिहा, ‘नर मुशी सापडला’ नको.

आता ‘चमकणे’. जरीचा काठ चमकतो, पण दिवे घालवले की दिसत नाही. चमकायला बाहेरचा उजेड लागतो. या माशाचा उजेड स्वतःचा, शरीरातल्या रासायनिक क्रियेतून आलेला, तेव्हा ‘प्रकाशतो’. काजवा चमकतो असं आपण म्हणतोच, बोलताना ते बिघडत नाही, फलकावर मात्र फरक पाळावा. या प्रकाराला ‘जीवदीप्ती’ हा रुळलेला शब्द आहे. ‘स्फुरदीप्ती’ वेगळी : ती आधी घेतलेला उजेड हळूहळू परत देते, रात्री छतावर दिसणाऱ्या चांदण्यांच्या स्टिकरांसारखी.

शास्त्रीय नावाचं भाषांतर करू नका. ‘मोलिस्क्वामा’चा अर्थ मऊ खवला असा होतो, तो फार तर खाली बारीक अक्षरांत द्या. २०१० चा तो नमुना २०१९ मध्ये ‘मोलिस्क्वामा मिसिसिपिएन्सिस’ या नव्या जातीचा म्हणून नोंदला गेला. त्याआधीचा एकमेव नमुना १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकमध्ये मिळाला होता, तो दुसऱ्या जातीचा. फलकावर एवढं पुरे :

‘खिसेवाला शार्क : छातीच्या परांजवळच्या दोन खिशांतून प्रकाशणारा स्राव सोडणारा खोल समुद्रातला मासा.’